नवं सामान, जुनी भोकं

मालवणला माझ्या मामाची फायबरची होडी आहे, जेटीवरून सिंधुदुर्ग किल्ल्यावर पर्यटक नेणारी. मेच्या अखेरीस ही वाहतूक पावसाळ्यापुरती थांबते, होड्या वर ओढल्या जातात आणि हंगामभर पुढे ढकललेली कामं निघतात. एका वर्षी बाहेरचं सामान बदलायचं ठरलं. दोर बांधायच्या क्लीट, नाळेवरचं, म्हणजे पुढच्या टोकाचं रेलिंग, कडेची रबरी पट्टी. मी पुण्यात टूलरूममध्ये नोकरीला, त्यामुळे खरेदी माझ्याकडे आली.

बाजारात ‘एसएस’ मागितलं की दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो. चिकटलं नाही म्हणजे अस्सल. समुद्राच्या कामाला ही परीक्षा कुचकामी आहे. स्वस्तातलं २०२ ग्रेडचं स्टेनलेस सहसा चुंबकाला चिकटत नाही, ३०४ नाही आणि ३१६ही नाही. २०२ मध्ये निकेल वाचवून मँगनीज घातलेलं असतं. खाऱ्या वाऱ्यात त्याचे तांबडे ओघळ फार लवकर दिसतात. ३१६ मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, मिठापुढे तेच टिकाव धरतं. बोल्टच्या डोक्यावर ‘ए४’ असा शिक्का असेल तर तो ३१६ च्या जातीचा. ‘ए२’ म्हणजे ३०४ च्या. शिक्काही खोटा मारता येतो म्हणा, पण चुंबकापेक्षा बरा. भाव ऐकून मामाच्या कपाळाला आठ्या पडल्या, तरी त्याने पैसे काढून दिले.

जुनं सामान काढताना एक जण वर, एक जण खाली लागतो. नट नाळेच्या पोटात, जिथे नांगराचा दोर ठेवतात तिथे. तिथे आडवं पडून पान्याने नट धरायचा आणि वरच्याने बोल्ट फिरवायचा. बरेचसे बोल्ट फिरलेच नाहीत. त्यांची डोकी ग्राइंडरने उडवली. बाहेरून चकचकीत दिसणारा एक बोल्ट बाहेर आला तर मध्येच निम्मा झालेला. स्टेनलेसला हवा लागली तर त्यावरचा संरक्षक थर टिकतो. ओल्या भोकात कोंडलं, की ते आतल्या आत खाल्लं जातं.

आणि भोकातून काळं पाणी आलं.

मी नव्या क्लीट लगेच बसवायला निघालो होतो. मामा म्हणाला, “पाणी खयसून येता ता बघ आधी.” फायबर कुजत नाही हे खरं, पण डेक नुसता फायबरचा नसतो. वर-खाली फायबरचे थर आणि मध्ये प्लायवूड असतं. बोल्टच्या कडेने झिरपलेलं पाणी त्या प्लायला लागतं, आणि होडी वापरात असेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने डेक ठोकत गेलो. चांगल्या जागी टणटणीत आवाज, क्लीटभोवती बद्द.

खिळा वाकवून ड्रिलला लावला आणि भोकात फिरवला. वरचा थर न कापता आतला कुजका भुगा त्याने निघाला. मग सुकवणं. हे सगळ्यात कंटाळवाणं, कारण जून तोंडावर आलेला. ताडपत्रीखाली हॅलोजनचा दिवा लावून ठेवला. ओल्यावर ओतलेलं रेझिन धरत नाही, तिथे घाई चालत नाही. सुकल्यावर खालून चिकटपट्टी मारून भोकं इपॉक्सीने गच्च भरली, घट्ट झाल्यावर त्यातच बोल्टच्या मापाची नवी भोकं पाडली. आता बोल्टभोवती लाकूड नाही, इपॉक्सीची नळी आहे. सील कधी गळालाच, तर पाणी प्लायला न लागता सरळ खाली ठिबकेल आणि दिसेल.

सिलिकॉन मी वापरू दिलं नाही. त्याचा पातळ थर मागे राहतो आणि पुढच्या वेळी तिथे काही चिकटत नाही. गाडीच्या काचांना लावतात तसलं पीयू सीलंट आणलं. भोकाचं तोंड थोडं रुंद केलं, म्हणजे बोल्टभोवती सीलंटचं कडं राहतं. एकदम करकचून आवळलं तर सगळं बाहेर पिळून निघतं. म्हणून आधी हलकं बसवायचं आणि सीलंट धरल्यावर शेवटचा आटा फक्त नटाला द्यायचा, बोल्ट हलवायचा नाही. खाली वायसरऐवजी जाड पत्र्याचे तुकडे दिले. किल्ल्याच्या धक्क्याला लाटेवर होडी हिसके खाते, ते सगळे क्लीटवर येतात.

रबरी पट्टीचं काम तसं सोपं. तिची अ‍ॅल्युमिनियमची पन्हळ स्टेनलेस स्क्रूंभोवती पांढरी भुकटी होऊन गेली होती. दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकत्र आले की हे होणारच. नवी पन्हळ लावताना प्रत्येक स्क्रू सीलंटमध्ये बुडवून घेतला. नवं रबर कडक येतं, उन्हात टाकून मऊ केलं आणि दोघांनी ओढत बसवलं.

मागच्या दोन क्लीट मात्र मामाने बदलू दिल्या नाहीत. वरचा क्रोम सोलून गेलाय, पण आतलं पितळ शाबूत. मामीने चिंचेने घासून दिल्या, त्याच पुन्हा बसवल्या. पुढच्या नव्या क्लीटशी त्यांचा रंग जुळत नाही.