दोरी, रॉड की सपाट गाडी?

आमच्या घरात कुणाची गाडी बंद पडल्याचा फोन आला की पहिला शब्द निघतो तो 'दोरी'. आम्ही राहतो नवापूरला. सुरत-धुळे महामार्ग गावाला लागूनच जातो आणि पिकअपमागे जीप, जीपमागे रिक्षा अशी वरात अधूनमधून नजरेस पडतेच. अब्बांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, उमेदीची वीस वर्षे या रस्त्यावर ट्रक चालवला. त्यांच्या हिशेबी गाडी ओढणे हा चर्चेचा विषयच नाही. गाठ पक्की मारता आली की झाले.

गेल्या हिवाळ्यात मात्र याच विषयावर आमच्यात चांगला तासभर वाद झाला, आणि तोही रस्त्याच्या कडेला. हे वाचणाऱ्या बहिणींपैकी कितीतरी जणी आता स्वतः गाडी चालवतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

यांच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले होते. तपासणीसाठी आम्ही धुळ्याला गेलो होतो. सोबत अब्बा, अम्मी आणि आमची मुलगी. गाडी मीच चालवत होते. गाडी ऑटोमॅटिक आहे. यांच्या गुडघ्यामुळेच ती घेतली, क्लच दाबायला नको म्हणून. साक्री मागे पडले, दहिवेल ओलांडले आणि कोंडाईबारी घाटाच्या अलीकडे इंजिन गप्प झाले. (टाकीतला पेट्रोलचा पंप गेला होता, हे दुसऱ्या दिवशी कळले.) नशिबाने समोरच एक ढाबा होता. तिथल्या पोरांनी गाडी ढकलून आवारात लावून दिली.

धाकट्या दिराला फोन केला. त्याचा कोंबडीखाद्याचा धंदा आहे. तासाभरात तो पिकअप घेऊन हजर झाला आणि उतरला तो हातात नायलॉनची दोरी घेऊनच. अब्बांचा चेहरा खुलला. "मगरिबपर्यंत घरी," ते म्हणाले. त्याआधी मी विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर बोलले होते. सपाट फळीची गाडी, जिला आपल्याकडे सगळे क्रेनच म्हणतात, ती धुळ्याहून येणार, तीन तास लागतील आणि पॉलिसीतल्या मर्यादेपलीकडच्या किलोमीटरचे साडेचार हजार वरून द्यावे लागतील, असे उत्तर आले. अब्बांना ते ऐकवले तर म्हणाले, "साडेचार हजारांत तर गाडी दुरुस्त होते."

आता त्या ठिकाणाहून आमच्या घरापर्यंतचा रस्ता डोळ्यांपुढे आणा. आधी घाट, तोही आमच्या दिशेने उतरणारा. खाली विसरवाडी, मग चिंचपाडा आणि मग नवापूर. विसरवाडीपासून पुढे फारसे काही अवघड नाही. अवघड जे आहे ते सुरुवातीलाच, आणि ती सगळी वळणे ट्रकांनी भरलेली.

मी दिराला एकच विचारले, "मागच्या गाडीत कोण बसणार?"

कारण दोरीने ओढायचे तर मागच्या गाडीत लायसन्स असलेला माणूस लागतोच. हा नियमही आहे आणि साधी गरजही, नाहीतर स्टिअरिंग कोण फिरवणार? दीर पिकअपवर. यांचा उजवा पाय अजून नीट वाकत नव्हता. अब्बांचे लायसन्स संपून चार वर्षे झाली होती, ते मान्य करायला ते तयार नव्हते ती गोष्ट वेगळी. राहिले मी.

आणि बंद गाडीत बसणे म्हणजे चालू गाडीत बसणे नव्हे. इंजिन फिरत असते तोवर ब्रेकला त्याची मदत असते, म्हणून पाय हलका ठेवला तरी गाडी थांबते. इंजिन बंद झाले की ही मदत दोन-तीन वेळा ब्रेक दाबेपर्यंतच पुरते. मग पेडल दगडासारखे होते आणि सगळा जोर पायाचा. पॉवर स्टिअरिंगची मदतही बहुधा जाते. चावी काढली तर स्टिअरिंग कुलूपबंद होण्याची भीती, म्हणून ती 'ऑन'वरच ठेवावी लागते. अशा गाडीत बसून, पुढच्या पिकअपपासून काही हातांवर, उतारावर दोरी सैल पडू न देता जायचे. दोरी सैल पडली आणि पिकअपने ब्रेक मारला की आपली गाडी सरळ त्याच्या फाळक्यावर. सैल पडून पुन्हा ताणली तर असा झटका बसतो की हूक तरी उपटतो, नाहीतर दोरी तरी तुटते.

हे मी बोलत असताना शेजारच्या खाटेवर एक ट्रॅक्टरवाले काका चहा पीत होते. डोकाऱ्याच्या साखर कारखान्याला ऊस घालणारे, दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर बाहेर उभा. त्यांनी बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "चढावर ओढावं लागतं. उतारावर धरावं लागतं. दोरीनं ओढता येतं, धरता येत नाही." भरलेली ट्रॉली उतारावर ट्रॅक्टरला कशी ढकलते आणि म्हणून ते वरूनच लहान गिअर टाकून कसे उतरतात, हेही त्यांनी सांगितले. त्यांच्याकडे लोखंडी रॉड होता, तो द्यायलाही तयार झाले. रॉडचा फायदा खरा आहे. दोन गाड्यांतले अंतर कमी-जास्त होत नाही, त्यामुळे झटका नाही आणि मागची गाडी पुढचीवर चढत नाही. पण मागच्या गाडीचे वजन तरी पिकअपच्याच ब्रेकवर येते, आणि रॉड दोन्हीकडे पक्का बसेल असा हूक हवा. आमच्या गाडीचा हूक डिकीतल्या हत्यारांच्या पिशवीत निघाला, बंपरमधले झाकण काढून पिळायचा असतो तो.

एव्हाना मुलीने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला होता. माझ्या नणंदेचा मुलगा कॅनडात एका गॅरेजात आहे. तिथे मोटरहोम दुरुस्तीला येतात, म्हणजे आत झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेल्या बसएवढ्या गाड्या. लोक सुट्टीला निघाले की त्यांच्या मागे आपली छोटी कार जोडून नेतात, मुक्कामावर पोहोचल्यावर बाजारहाटाला कामी यावी म्हणून. आपल्याकडे महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, पण अशी कार मागे लावलेली मी तरी पाहिलेली नाही. आपल्या नियमांतही ओढायची परवानगी आहे ती मुख्यतः बंद पडलेल्या गाडीला किंवा नोंदणी केलेल्या ट्रेलरला.

त्याचा आवाजी निरोप आला, "मामी, आधी गाडीचे पुस्तक उघडा." तिकडे कार न्यायच्या तीन तऱ्हा आहेत म्हणाला. चारही चाके जमिनीवर ठेवून रॉडने, पुढची दोन चाके छोट्या दुचाकी गाड्यावर चढवून, नाहीतर अख्खी कार ट्रेलरवर. कुठली निवडायची हे मोटरहोमची ताकद पाहून नंतर ठरते. आधी ठरते ते कारच्या गिअरबॉक्सवरून. मॅन्युअल गाडी न्यूट्रलमध्ये बहुधा ओढता येते. बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत गिअरबॉक्सला तेल पोहोचवणारा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद आणि चाके फिरताहेत, म्हणजे आतले भाग तेलाविना घासणार. न्यूट्रल टाकूनही ते टळत नाही. विजेच्या गाड्यांचे दुखणे वेगळे, पण त्यांनाही बहुतेक सपाट गाडीच लागते. आणखी एक गोष्ट त्याने सांगितली ती मला जास्त पटली. चारही चाकांवर कार नेणारे लोक तिच्या ब्रेकच्या पेडलवर एक यंत्र बसवतात. पुढे मोटरहोमचा ब्रेक लागला की मागे ते यंत्र कारचा ब्रेक दाबते. म्हणजे तिथेही ओढण्याबरोबर थांबवण्यावरही पैसा खर्च होतो.

पुस्तक कप्प्यातच होते. त्यात चित्रासह लिहिले होते, पुढची चाके जमिनीवर ठेवून ओढू नये. आमच्या गाडीला जोर पुढच्याच चाकांचा.

अब्बा तरी म्हणालेच, "पुस्तक लिहिणाऱ्यांनी कोंडाईबारी पाहिलाय का?"

मी म्हटले, "अब्बा, मागे मी बसणार असेन तर ठरवणारही मीच." एवढे बोलून मी धुळ्याच्या गाडीला होकार कळवला. त्यानंतर बराच वेळ कुणी बोलले नाही. अम्मीने पानाचा डबा उघडला आणि तेवढ्यावर विषय मिटला. अब्बा, अम्मी आणि मुलगी पिकअपच्या केबिनमध्ये कशीबशी बसून पुढे गेली. आम्ही दोघे ढाब्यावर थांबलो. थंडी वाजत होती, यांचा गुडघा दुखत होता, आणि तीन तासांचे साडेतीन झाले. ते काही सुखाचे नव्हते.

गाडी आली, फळी तिरकी झाली, आमची कार न्यूट्रलमध्ये तारेने वर ओढली गेली. चारही चाके पट्ट्यांनी बांधून घेतली. मी दोन पट्टे पुन्हा ओढून पाहिले, चालक हसला. घाट उतरताना मी केबिनमधून समोरच्या ट्रकांचे तांबडे दिवे पाहत होते. प्रत्येक वळणावर पेटत होते, विझत होते. माझा पाय उगाचच खाली दाबला जात होता.

यानंतर महिन्याभराने शेजाऱ्यांची जुनी जीप चिंचपाड्याजवळ बंद पडली. मॅन्युअल गाडी, सपाट रस्ता, दिवसाउजेडी. तिथे क्रेन मागवणे म्हणजे पैसे उधळणेच झाले असते. अब्बा स्वतः दोरी घेऊन गेले. पण निघण्याआधी त्यांनी माझ्या मुलीकडून पुठ्ठ्यावर पांढरा कागद चिकटवून काळ्या अक्षरांत 'ऑन टो' लिहून घेतले, जीपच्या मागे लावायला. दोरीला मध्यभागी लाल फडके बांधले. दोन गाड्यांत पाच मीटरहून जास्त अंतर नको, म्हणून दोरी पावलांनी मोजली. आणि दिराला दरडावले, "काटा पंचविसाच्या वर गेला तर मी उतरेन."

जीपमध्ये लायसन्सवाला म्हणून शेजाऱ्यांचा मोठा मुलगा बसला. अब्बांनी सुटण्यापूर्वी त्याला तीनदा ब्रेक दाबायला लावला, पेडल किती घट्ट होते ते पायाला कळावे म्हणून.