दोन वर्षांचा डिप्लोमा, तिसऱ्या वर्षाची वाट

आमच्या वस्तीत 'डिप्लोमा' हा शब्द फार सैल वापरला जातो. टॅली शिकवणारा क्लास तीन महिन्यांत डिप्लोमा देतो. शिवणकामाचा डिप्लोमा असतो, मेहंदीचाही असतो. फ्रेम करून भिंतीवर टांगला की सगळे सारखेच दिसतात. त्यामुळे कॉमर्सच्या मुलामुलींच्या तोंडी नवा डिप्लोमा ऐकू यायला लागला, तेव्हा बहुतेक पालकांनी तोही त्याच रांगेत नेऊन बसवला. पण तो त्या रांगेतला नाही. क्लासच्या डिप्लोमावरून विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षाला जाता येत नाही. याच्यावरून जाता येतं.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवीचा अभ्यासक्रम टप्प्यांचा झाला. पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट, दुसऱ्यानंतर डिप्लोमा, तिसऱ्यानंतर पदवी आणि चौथ्यानंतर ऑनर्स. महाराष्ट्रात हे २०२३-२४ मध्ये स्वायत्त महाविद्यालयांत आणि २०२४-२५ मध्ये संलग्न महाविद्यालयांत सुरू झालं. म्हणजे २०२४ मध्ये एफ.वाय.ला बसलेली मोठी तुकडी आता दुसऱ्या वर्षाच्या शेवटाला आली आहे. दोन वर्षांचे ८० ते ८८ श्रेयांक जमले आणि बाहेर पडताना आणखी ४ श्रेयांकांचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप केली, की विद्यापीठाचा डिप्लोमा हातात पडतो.

हे चांगलं आहे, हे आधी मान्य करू. पूर्वी एस.वाय.नंतर घरची अडचण आली तर 'बी.कॉम. सुटलं' एवढंच म्हणता यायचं. दोन वर्षांचा अभ्यास, परीक्षा, बसचा पास, सगळं पाण्यात. वडील गेले म्हणून दुकान सांभाळायला बसलेली, भावंडांसाठी गाडी चालवायला लागलेली कितीतरी मुलं मी पाहिली. त्यांच्या बायोडेटावर कायम बारावीच राहिली. निदान तो अन्याय आता कमी होईल.

अडचण पुढे आहे. या व्यवस्थेत बाहेर पडायचं दार आहे, तसं परत यायचंही आहे. बाहेरचं दार आपल्या लोकांना लगेच सापडतं. परतीचं दार कुणी दाखवत नाही.

मी स्वतः दुसऱ्या एका दारानं आत आलो. दहावीनंतर आडत दुकानात कीर्द-खतावणी लिहायला लागलो. नव्वदच्या दशकात यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा पूर्वतयारी शिक्षणक्रम होता. बारावी नसली तरी तो करून पुढे बी.कॉम.ला जाता यायचं. सहा दिवस दुकान आणि रविवारी अभ्यासकेंद्र. दुकानात मी तेरीज रोज जुळवायचो, पण ती का जुळते हे मला तिथल्या सरांनी पहिल्यांदा समजावलं. आमच्या गटातले निम्मे लोक पूर्वतयारीपाशीच थांबले. ते माझ्यापेक्षा कमी हुशार नव्हते. पुढचा फॉर्म कधी भरायचा, हे त्यांना विचारणारं घरात कुणी नव्हतं. माझ्या घरी अम्मी होती. तिला अक्षरओळख नव्हती, पण तारीख तिच्या लक्षात असायची.

यंदा हा प्रश्न माझ्या बहिणीच्या घरात आला. भाची तालुक्याच्या महाविद्यालयात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. चांगला रिश्ता आला. मुलगा पुण्याजवळ कारखान्यात, मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला. आपा खुश होती. म्हणाली, "लडका भी डिप्लोमा, लडकी भी डिप्लोमा. जोडी जम गई ना!"

आपाला नावं ठेवणं सोपं आहे, पण मी ठेवणार नाही. भाऊजींचा गुडघा गेलाय, रिक्षा निम्मा दिवसच चालते. मागे दुसरी मुलगी आहे. हुंडा न मागणारं, निर्व्यसनी स्थळ रोज येत नाही. तिचा हिशेब तिच्या जागी बरोबर होता. फक्त डिप्लोमाला तिनं शेवटचं स्टेशन समजून घेतलं होतं.

भाची शांत होती. सगळे उठल्यावर मला म्हणाली, "मामू, लग्नाला माझी हरकत नाही. मला फक्त सांगा, मी परत कधी जाणार?"

या प्रश्नाचं उत्तर नियमांत आहे, आणि ते प्रत्येक घराला माहीत असायला हवं. डिप्लोमा घेऊन बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याला तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि एकूण सात वर्षांच्या आत पदवी पूर्ण करावी लागते. कमावलेले श्रेयांक 'अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स'च्या खात्यात जमा असतात. बँकेत पैसे असावेत तसे ते तुमच्या नावावर असतात, पण मुदतीसकट. लग्न, नवं घर, पहिलं मूल, यात तीन वर्षं कशी जातात हे कुठल्याही बाईला विचारा.

आणि 'तुमच्या नावावर' यातही मेख आहे. हे खातं आधार आणि मोबाइल नंबरला जोडलेलं असतं. आपल्याकडे मुलीच्या कागदांवर मोबाइल अब्बांचा किंवा भावाचा. नावाची तर तऱ्हाच वेगळी. शाळेच्या दाखल्यावर शेख, आधारवर शेक, एकीकडे बेगम, दुसरीकडे बी. त्यात लग्नानंतर आधारवर नवऱ्याचं नाव येतं आणि गुणपत्रिकेवर बापाचं राहतं. तीन वर्षांनी प्रवेशाच्या खिडकीपाशी उभी राहिलेली मुलगी यातल्या एका अक्षरावरून परत फिरू शकते. म्हणून बाहेर पडायच्या आधीच नावं जुळवून घ्या, नंबर मुलीचा स्वतःचा टाका आणि श्रेयांक खात्यात खरंच दिसतात का ते पाहून घ्या.

एका वर्षासाठी एवढा आटापिटा का, असं भाऊजींनी विचारलं. मी त्यांच्यापुढे यादीच ठेवली. बँकेची क्लार्कची परीक्षा, तलाठी, राज्य कर निरीक्षक, एमपीएससीची राज्यसेवा, एम.कॉम., तीन वर्षांचं एलएल.बी. या सगळ्यांना पदवी लागते. कॉमर्सची पदवी ५५ टक्क्यांनी घेतली तर सीएच्या फाउंडेशन परीक्षेतून सूट मिळून थेट इंटरमीडिएटला जाता येतं. यातलं एकही दार दोन वर्षांच्या डिप्लोमावर उघडत नाही. तेवढ्यावर मिळते ती दुकानातली बिलं करायची नोकरी.

सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात एक नोंद आहे. २० वर्षांवरच्या मुसलमानांत पदवीधर किंवा डिप्लोमाधारक ४ टक्क्यांहून कमी होते, आणि एकूण लोकसंख्येत सुमारे ७ टक्के. मोजणाऱ्यांनी पदवी आणि डिप्लोमा एकाच रकान्यात घातले, तो त्यांच्या सोयीचा भाग. आपण घरात तसं करू नये. नाहीतर पुढच्या अहवालात आपला आकडा वाढलेला दिसेल आणि बँकेच्या काउंटरमागे मात्र आपल्या मुली दिसणार नाहीत.

मुलाकडच्यांशी बोलताना मी सांगितलं, की 'शिकू देऊ' हे तोंडी नको. निकाहनाम्यात शर्ती लिहिता येतात. तिसऱ्या वर्षाचा प्रवेश याच वर्षी आणि परीक्षा होईपर्यंत मुक्काम माहेरी, एवढं लिहू. ते लोक गप्प झाले. चार दिवस फोन नाही. आपा माझ्याशी बोलेना.

पाचव्या दिवशी मुलाचाच फोन आला. म्हणाला, "मामू, डिप्लोमानंतर मला इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळत होता. एक वर्ष नोकरी करू, मग जाऊ म्हणालो. सात वर्षं झाली. माझ्याबरोबरचा एक गेला, तो आज माझा साहेब आहे. शर्त लिहा."

निकाह हिवाळ्यात आहे. तिसऱ्या वर्षाचा फॉर्म भरून झाला. भाचीनं बाहेर पडण्याचा डिप्लोमा घेतलाच नाही, तिला त्याची गरज उरली नाही.

सगळ्यांना असं जमेल असं नाही. कुणाला थांबावंच लागेल, त्यांनी डिप्लोमा जरूर घ्यावा आणि मान वर करून घ्यावा. फक्त तो फ्रेम करून भिंतीवर टांगण्याआधी मागच्या बाजूला परतीची शेवटची तारीख लिहून ठेवा. आणि घरातल्या एका माणसाला ती तोंडपाठ असू द्या.