काटकोन जमिनीवर

पायाची आखणी मी गुण्याच्या, म्हणजे हातातल्या काटकोनी पट्टीच्या, भरवशावर कधीच सोडत नाही. विटेचा कोपरा, दाराची चौकट गुण्यानेच बघावी; पण त्याची भुजा जेमतेम २ फुटांची. तेवढ्यात एक सूत फरक राहिला, तर २० फुटी भिंतीच्या टोकाला तो दहा सूत, म्हणजे सव्वा इंच होतो. जमिनीवरचा काटकोन मोठाच काढावा लागतो.

म्हणून दोरी. कोपऱ्याच्या खुंटीपासून एका दोरीवर ९ फुटांवर खूण करायची, दुसरीवर १२ फुटांवर, आणि दोन खुणांमधलं अंतर बरोबर १५ फूट भरेपर्यंत एक दोरी सरकवत राहायचं. १५ च्या आत आलं तर लघुकोन, बाहेर गेलं तर विशालकोन. ३-४-५ चा हा हिशोब बौधायनाच्या शुल्बसूत्रात आहे, ५-१२-१३ आणि ८-१५-१७ सुद्धा. यज्ञवेदी आखणाऱ्यांचीही हत्यारं दोरी आणि खुंट्या हीच. पायथागोरसचं प्रमेय मार्कांपुरतं पाठ केलेला पोरगा हाताखाली येतो, दोरी ओढतो, टेपवर १५ चा आकडा बघतो आणि त्याचा चेहरा खुलतो. मला या कामातलं हेच सगळ्यात आवडतं.

चारही कोपरे झाले की कर्ण. १२ बाय १६ ची खोली असेल तर दोन्ही कर्ण २० फूट भरलेच पाहिजेत. इथे पुष्कळजण घाई करतात, कर्ण सारखे आले की टेप गुंडाळतात. पण दोन बाजू समांतर आणि उरलेल्या दोन सारख्याच आत झुकलेल्या असल्या, तरी कर्ण सारखेच येतात. आधी समोरासमोरच्या बाजू मोजाव्यात, मग कर्ण.

भिंत चढू लागली की ओळंबा. गुटका वर भिंतीला टेकवायचा. खाली गोळा भिंतीला निसटता लागला पाहिजे. सुटून लोंबला तर भिंत आपल्याकडे झुकली, अंगावर रेलला तर पलीकडे.

आखणीतली चूक लगेच दिसत नाही, फरशी बसवताना दिसते. सांधे सरळ, समांतर, आणि भिंतीलगतची शेवटची लादी एका टोकाला चार इंच, दुसऱ्या टोकाला अडीच. फरशीवाल्याला तेव्हा बोल लावणं अन्यायाचं आहे.

तुमच्या घराची आखणी व्हायची असेल, तर फक्की पडल्यावर आणि खोदाई सुरू होण्याआधी स्वतः जा, कुणालातरी टेपचं दुसरं टोक धरायला सांगा आणि आधी समोरासमोरच्या बाजू, मग दोन्ही कर्ण मोजून घ्या.