चिंचोक्यांचा डाव

आमच्या धर्मग्रामातील एक तरुण बोटीवर नोकरीस असतो. गेल्या पावसाळ्यात तो रजेवर आला, तेव्हा त्याच्या आईने आम्हांस निरोप धाडला : "फादर, पोराच्या हातातले पत्ते तेवढे सोडवा." उपदेश कसा करावा हे सेमिनरीत आम्हांस शिकविले होते, पण ज्या खेळाविरुद्ध बोलायचे, त्याचे ओ की ठो आम्हांस ठाऊक नव्हते. म्हणून आम्ही त्यालाच म्हटले, "बाबा रे, आधी आम्हांला हा खेळ शिकव." तो हसला आणि संध्याकाळी पत्त्यांचा जोड घेऊन आमच्या ओसरीवर आला. पैशांऐवजी चिंचोके घेतले.

खेळाचे नाव ओमाहा हाय-लो. अमेरिकेत रुळलेल्या पोकरचाच हा एक प्रकार. प्रत्येकास चार पत्ते झाकून वाटतात. मग सर्वांसाठी पाच पत्ते मेजावर उघडे मांडतात : आधी तीन, नंतर एक, शेवटी एक. हातातले नेमके दोन आणि मेजावरचे नेमके तीन घेऊन डाव जुळवायचा. पहिल्याच वाटपात आमच्या हाती तीन राजे आले व आम्ही हरखलो. "फादर, त्यांतले दोनच चालतील," तो म्हणाला. तिसरा म्हणजे असून अडचण!

जमलेल्या रकमेचे दोन भाग होतात. निम्मी सर्वांत वरचढ पानांना, निम्मी सर्वांत हलक्या पानांना. हलक्या डावाला अट अशी की, पाचही पत्ते वेगवेगळे असावेत आणि अठ्ठीच्या वर एकही नसावा; एक्का तेथे सर्वांत लहान धरतात. तसा डाव कोणाचाच जुळला नाही, तर वरचढ पाने सगळेच उचलतात.

हे ऐकताच आमच्यातला प्रवचनकार जागा झाला. क्षुद्र पानांनाही अर्धा वाटा! प्रभूच्या राज्यात लहानांना मिळणाऱ्या मानाचा दृष्टांतच हाती लागला. रविवारचे प्रवचन आयते मिळाले, असे वाटले.

थोड्या वेळाने आमच्या हाती एक्का, दुर्री आणि दोन राजे आले. मेजावर तिर्री, पंजी, अठ्ठी, नव्वी व राणी. याहून हलका डाव कोणाचा होणे शक्यच नव्हते. आम्ही एकूण वीस चिंचोके पुढे सारले. त्यानेही वीस सारले. पत्ते उघडले. त्याच्याकडेही एक्का-दुर्री, शिवाय दोन नव्व्या! तीन नव्व्यांच्या बळावर वरचे वीस त्याने नेले. खालच्या विसांचे दोन वाटे होऊन आम्हांस दहा मिळाले. आम्ही जिंकलो होतो, आणि दहा चिंचोके गमावून बसलो होतो. दृष्टांत तिथेच मोडला. त्याहून वाईट हे की, "आणखी एकच डाव," हे शब्द आमच्याच तोंडून निघाले.

त्याने पत्ते खाली ठेवले. "फादर, माझंही असंच व्हायचं. थोडं हाती आलं की जिंकल्यासारखं वाटायचं." घराच्या छपरासाठी साठवलेले पैसे गेल्या खेपेस बोटीवर त्याने असेच घालविले होते. आईस ते ठाऊक नव्हते. (हे त्याने पापनिवेदनात नव्हे, ओसरीवर सांगितले, त्याच्या संमतीनेच येथे लिहीत आहोत.)

१९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात, २४१३ व्या परिच्छेदात, पत्त्यांचे खेळ मुळातच अन्यायाचे मानलेले नाहीत. परंतु स्वतःच्या वा इतरांच्या गरजेचे त्यामुळे हिरावले जाऊ लागले की ते त्याज्य ठरतात, आणि जुगाराची ओढ माणसाला गुलाम करू शकते, अशी शिकवण आहे. तो परिच्छेद आम्ही पूर्वी अनेकदा वाचला होता. त्याचा अर्थ दहा चिंचोक्यांनी कळला.

आम्ही उपदेश केला नाही. त्याच्याबरोबर त्याच्या घरी गेलो. आईला त्याने स्वतःच सारे सांगितले. माउली बराच वेळ बोलली नाही. मग उठून तिने तिघांसाठी चहा टाकला. छपरावर पाऊस वाजत होता आणि कोपऱ्यात गळतीखाली पातेले ठेवलेले होते.

प्रिय वाचकहो, आरंभीच उपदेश केला असता, तर तो मान खाली घालून ऐकता आणि तसाच बोटीवर परतता. आम्ही शिकावयास बसलो, म्हणून तो बोलला.