टोपल्यांचे गाव

जपान पाहून आलेला आपला माणूस फुजीच्या शिखराविषयी बोलतो, क्योटोच्या देवळांविषयी बोलतो, आणि तिथल्या वेगवान आगगाडीविषयी तर जरा अधिकच बोलतो. शिकोकू बेटावरच्या डोंगरांत दडलेले कामिकात्सु नावाचे खेडे त्याच्या यादीत सहसा नसते. तोकुशिमा शहरापासून मोटारीने तासाभराची वाट. दाट राने, खाली नदी, आणि डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेली भातखाचरे. कोकणातल्या माणसाला तेथे परके वाटू नये. वस्ती दीड हजाराच्याही आत आणि तीतले निम्म्याहून अधिक लोक पासष्टी उलटलेले. अशा आडगावी देशोदेशींचे पाहुणे येतात ते कशासाठी? तर कचरा पाहावयास!

पूर्वी हे गावही कचरा उघड्यावर जाळीत असे. पुढे लहान भट्ट्या बसवल्या; पण जळणातून निघणाऱ्या विषारी द्रव्यांविषयीचे कायदे कडक झाले आणि त्याही बंद कराव्या लागल्या. नवी भट्टी गावाच्या ऐपतीबाहेरची. तेव्हा तत्त्वज्ञान मागाहून आले, आधी आली ती गरज. २००३ साली गावाने जाहीर केले की, २०२० पर्यंत कचरा जाळावयाचाही नाही आणि पुरावयाचाही नाही.

येथे कचऱ्याची गाडी दारोदार फिरत नाही. ओला कचरा घरीच कुजवून खत करावयाचा. बाकीचा धुऊन, सुकवून, स्वतः केंद्रावर न्यावयाचा आणि चाळीसांहून अधिक प्रकारांत वेगळा करावयाचा. चाळीसांहून अधिक! आपल्याकडे ओला आणि सुका या दोहोंवरून घरोघर भांडणे होतात. बाटलीचे झाकण वेगळे, बाटली वेगळी, पांढरी काच निराळी, तपकिरी निराळी. प्रत्येक टोपलीवर लिहिलेले असते की, ही वस्तू येथून कोठे जाणार, तिचे काय होणार आणि तिच्यापायी गावाला किती येन मिळणार किंवा मोजावे लागणार. मला वाटते, सगळी जादू या पाटीत आहे. नुसत्या उपदेशाने जे होत नाही, ते हिशेबाने होते.

२०२० साली उभ्या राहिलेल्या नव्या केंद्राची इमारत वरून पाहिल्यास प्रश्नचिन्हासारखी दिसते. तिच्या भिंतीत गावकऱ्यांनी दिलेल्या सुमारे सातशे जुन्या खिडक्या बसवल्या आहेत. शेजारीच चार खोल्यांचे विश्रांतिगृह. साबणाची वडी आयती मिळत नाही. लागेल तेवढा तुकडा पाहुण्याने कापून घ्यावयाचा. आणि निघण्यापूर्वी आपला कचरा आपल्या हातांनी त्या टोपल्यांत वाटावयाचा. पैसे देऊन हे काम करावयास माणसे येतात, याची गंमत वाटते. पण आपण एका मुक्कामात किती घाण करतो, ते असे हाताळल्यावाचून कळत नाही, हेही खरे.

‘कुरुकुरु’ दुकानात गावकरी नको असलेल्या वस्तू ठेवतात. कोणीही फुकट न्याव्यात, फक्त वजन नोंदवावे. जुन्या किमोनोंच्या पिशव्या आणि अंगरखे शिवतात त्या गावातल्या वृद्ध स्त्रियाच. लुगड्यांच्या गोधड्या शिवणाऱ्या आपल्या आज्यांना आणि कपड्यांवर भांडी देणाऱ्या बोहारणीला यात नवल वाटले नसते. आपल्या रद्दीवाल्याला तर या शास्त्राची पदवीच द्यावी.

तरीही गावाचा संकल्प पुरा झाला नाही. सुमारे ऐंशी टक्के कचरा पुन्हा वापरात जातो. जपानची सरासरी याच्या चौथ्या हिश्श्याइतकी. उरलेल्यात लंगोट, रबराच्या वस्तू आणि अनेक द्रव्ये एकत्र चिकटवून केलेल्या चिजा. त्या कोणत्याच टोपलीत बसत नाहीत. गावाने कितीही धुतले, पुसले, तरी ज्या कारखान्याने वस्तूच अशी घडवली, त्याच्यापुढे आजीबाईंनी काय करावे? माथेरानात पाण्याच्या रिकाम्या बाटल्या दरीत भिरकावणाऱ्या पाहुण्याला आपण दोष देतो, तो योग्यच. पण बाटली विकणारा मात्र खुशाल सुटतो.

कामिकात्सुची खरी चिंता निराळीच आहे. १९८१च्या कडाक्याच्या थंडीत संत्र्यांच्या बागा गेल्यावर या गावाने ताटे सजवण्याची पाने विकण्याचा धंदा काढला. सत्तरीच्या बायका संगणकावर बाजारभाव पाहून पाने खुडतात आणि चांगली कमाई करतात. पण तरुण माणसे शहरांत जातात. ज्यांना मोटार चालवता येत नाही अशांच्या घरचा कचरा नगरपालिकेची माणसे येऊन नेतात, आणि अशी घरे कमी होण्याची काही चिन्हे नाहीत.