ओरिजिनल आहे ना?

ठाण्यापासून कल्याणपर्यंत रेल्वेतल्या आणि कारखान्यांतल्या नोकऱ्यांवर उभी राहिलेली घरं पुष्कळ. त्यामुळे माझ्या डोंबिवलीच्या काउंटरवर येणारं आजोबांचं घड्याळ बहुधा वेस्ट एंड नाहीतर फेवर ल्यूबा असतं, आणि वडिलांचं एचएमटी. सोबत गोष्टही येते : "स्वातंत्र्याच्या वर्षी घेतलेलं, अगदी ओरिजिनल."

गोष्ट मी पूर्ण ऐकतो, मगच झाकण उघडतो. एचएमटी १९४७चं असूच शकत नाही. सिटिझनच्या साहाय्याने बंगळूरला घड्याळं बनू लागली ती १९६१ साली. वेस्ट एंडचं असू शकतं, ती कंपनी मुंबईत १८८६पासूनची. पाठीवर 'सी. आर.' कोरलेलं असेल, तर घड्याळ कितीही जुनं असो, ती अक्षरं ५ नोव्हेंबर १९५१ नंतरचीच. तोवर मध्य रेल्वे नव्हती, जीआयपी होती. घरचे खोटं बोलत नसतात. काकांचं घड्याळ आजोबांच्या नावावर जमा होतं, एवढंच.

माझा खरा वेळ डायल खाते. पुन्हा रंगवलेली असेल तर भिंगाखाली अक्षरं जाड दिसतात, मिनिटांच्या रेषा आकड्यांपासून किंचित घसरतात. जुन्या डायलींवर रेडियम लावलेलं असे. रेडियम निम्मं व्हायला सुमारे १६०० वर्षं लागतात, पण त्याच्याबरोबर चमकणारं द्रव्य काही दशकांतच थकतं. म्हणून पन्नासच्या दशकातली डायल अंधारात लखलखली की मला शंका येते. घड्याळ कपाटात वर्षानुवर्षं बंद पडलेलं असेल, तर रेडियमच्या काट्यांखाली डायल भाजून तपकिरी सावली उमटते. काटे सरकवले की ते कितीला थांबलं होतं ते कळतं. नकली डायल करणारा असला डाग रंगवत बसत नाही. गिऱ्हाईक मात्र "तेवढं आधी पुसा" म्हणतं. मी हात लावत नाही. रेडियमची खरवड श्वासात जाणं परवडणारं नाही.

झाकणाच्या आत जुन्या घड्याळजींनी सुईने खरडलेले आकडे सापडतात, सर्व्हिसिंगच्या नोंदी. कंपनीच्या शिक्क्यापेक्षा माझा या खरडीवर विश्वास जास्त, कारण तिची नक्कल करून कुणाला पैसे मिळत नाहीत. चावी, काच, पट्टा बदललेला असतोच. रोज लोकलला लटकणाऱ्या माणसाच्या घड्याळाची काच मूळचीच निघाली, तर त्याने ते घातलंच नसावं असं मला वाटतं. संग्राहक अशा बदलांना खोट म्हणतात. मी डायलपुरताच त्यांच्या बाजूचा.

पावतीवर काय मूळ, काय बदललेलं ते सगळं लिहितो. "विकायचंय हो, 'डायल पुन्हा रंगवलेली' तेवढी ओळ गाळा," अशी गळ पडते. हल्ली ती ओळ मी सगळ्यात वर लिहितो.