दोन 'फीट'

इंग्रजी उच्चारांनी ज्याला कधी तोंडघशी पाडले नाही, असा मराठी मास्तर माझ्या तरी पाहण्यात नाही. आता हा 'फीट'च घ्या. पायांनाही फीट, उंची मोजायलाही फीट, आणि थक्क करणाऱ्या पराक्रमालाही फीटच! या शेवटच्याचे स्पेलिंग तेवढे निराळे. शिवाय आपल्याकडे माणसाला फीट येते, ती वेगळीच.

वर्गात हा शब्द आला की मी एव्हरेस्टची गोष्ट हमखास सांगतो. २९ मे १९५३ रोजी तेनसिंग आणि हिलरी शिखरावर पोचले, तेव्हा त्याची उंची २९,००२ फूट मानत असत. इतके फीट चढले म्हणून तो फीट, असे म्हटले की मुले हसतात आणि शब्द पक्का होतो. मग मी थोडी विद्वत्ता पाजळतो. परीक्षा पास होणे ही अचीव्हमेंट. वर्षभर घोकून ती मिळते. फीटला मात्र अंगची ताकद, कसब किंवा धाडस लागते, आणि बघणाऱ्याने तोंडात बोट घालावे लागते. 'नो मीन फीट' असे इंग्रज म्हणतो, तेव्हा हे ऐऱ्यागैऱ्याचे काम नव्हे, एवढेच त्याला सांगायचे असते.

दोन वर्षांपूर्वी, उन्हाळ्याच्या तोंडाशी, मी आठवीच्या मुलांना हा शब्द वाक्यात वापरायला सांगितला. कोणी एव्हरेस्ट लिहिले, कोणी पुलाचे बांधकाम. डोंगरावरच्या वाडीतून येणाऱ्या एका मुलाने लिहिले होते, 'माझी आई रोज पाणी आणते, हा मोठा फीट आहे.' स्पेलिंग मात्र पायांचे! मला चेव चढला. वाक्य मोठ्याने वाचून दाखवीत मी विचारले, "म्हणजे तुझ्या आईचे पाय मोठे आहेत होय रे?" वर्ग खदखदून हसला. "काय दिवे लावलेस!" असे म्हणून मी वही त्याच्या हाती दिली. तो काही बोलला नाही. मान खाली घालून जागेवर जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

चौथ्या दिवशी सकाळीच मी वाडीची वाट धरली. चढ असा, की दोनदा दगडावर बसावे लागले. तिसऱ्यांदा बसलो, तेव्हा खालून एक बाई आली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा, हंड्यावर कळशी. वाट अरुंद, मी पाय आवरून घेतले. माझ्या डोळ्यांसमोरून तिची पावले गेली. अनवाणी, टाचांना भेगा, पण प्रत्येक दगड ओळखून पडणारी. पाण्याचा थेंब सांडला नाही.

वाडीत पोचल्यावर कळले, ती त्याचीच आई. पोराने घरी काहीच सांगितले नव्हते. पोट दुखते म्हणून निजून होता. "बसा गुरुजी," म्हणत तिने तांब्या पुढे केला. तिची ती सकाळची तिसरी खेप होती. ते पाणी घशाखाली उतरवणे मला जड गेले.

पोराला बरोबर घेऊनच मी खाली उतरलो. रात्री शब्दकोश उघडला. 'फीट'चे मूळ लॅटिन. अर्थ नुसता 'केलेले'. खऱ्या गोष्टीला म्हणतात तो 'फॅक्ट' याचा सख्खा भाऊ. 'डिफीट'ही त्याच घरातला. 'केलेले मोडून टाकणे' हा त्याच्या मुळाचा अर्थ. आणि आपले शब्द? पराक्रम, विक्रम. दोहोंत 'क्रम्' हा धातू आहे, आणि त्याचा अर्थ पाऊल टाकणे! तीन पावलांत त्रिभुवन व्यापणारा वामन म्हणूनच त्रिविक्रम. म्हणजे त्या पोराचे स्पेलिंग इंग्रजीत चुकले होते, पण आपल्या भाषेच्या हिशेबाने ते बिनचूक होते.

शिखरावर एकदा ठेवलेल्या पावलाला जग पराक्रम म्हणते. तोच चढ रोज तीनदा चढला, की त्याचे नुसते काम होते.

दुसऱ्या दिवशी मी हे सारे वर्गाला सांगितले, आणि चूक माझी झाली, हेही. त्याच्या वहीतली लाल रेघ पुसली, पूर्ण गुण दिले. स्पेलिंग तेवढे दुरुस्त केले. अखेर मास्तरच मी!

त्या साली दिवाळी आली ती मला निराळीच वाटली. पाडवा म्हणजे बलिप्रतिपदा. त्रिविक्रमाचे तिसरे पाऊल ज्याच्या मस्तकावर पडले, त्या बळीचा हा दिवस. पराक्रम देवाचा, पण राज्य यावे असे आपल्या आयाबहिणी म्हणतात, ते हरलेल्या बळीचे. डिफीटमधलाही फीट ओळखणाऱ्या या बायका कोशकारांपेक्षा मला शहाण्या वाटल्या.

त्या पाडव्याच्या संध्याकाळी आमच्या सौभाग्यवती अंगणात पणत्या लावत होत्या. पहाटेपासून त्यांचे पाय क्षणभर थांबले नव्हते. मी अगदी मनापासून म्हणालो, "छान दिवे लावलेस हो!"

तिने चमकून वळून पाहिले.

"का हो? आता काय चुकलं माझं?"